घराची किंमत सांगणं आणि त्या किमतीला घर घेणं

२ नोव्हेंबर २०२१ रोजी सिएटलच्या झिलो या कंपनीनं तिमाही निकालांसोबत भागधारकांना एक पत्र पाठवलं. घरं थेट मालकांकडून विकत घ्यायची, रंगरंगोटी आणि डागडुजी करायची आणि पुन्हा विकायची, असा ‘झिलो ऑफर्स’ नावाचा उद्योग कंपनी साडेतीन वर्षं चालवत होती. तो आता गुंडाळायचा, असं पत्रात होतं. हातातल्या घरांची किंमत एका तिमाहीत ३०.४ कोटी डॉलरनं कमी दाखवावी लागली होती. पुढच्या तिमाहीत आणखी २४ ते २६.५ कोटींचा फटका बसणार होता. दर चार कर्मचाऱ्यांमागे एकाची, म्हणजे सुमारे दोन हजार माणसांची नोकरी जाणार होती. दुसऱ्या दिवशी शेअर पंचवीस टक्क्यांच्या आसपास आपटला.

मुख्य कार्यकारी अधिकारी रिच बार्टन यांनी दिलेलं कारण थोडक्यात असं होतं: घरांच्या किमतींचा अंदाज बांधणं आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी बेभरवशाचं निघालं. हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लोकांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. पण झिलोची सगळी ओळखच घरांच्या किमतीचा अंदाज सांगणारी कंपनी अशी होती. पोहायला शिकवणाऱ्यानंच पाण्याची खोली कळली नाही म्हणावं, तसं हे झालं.

आणखी एक गोष्ट, जी ही कथा सांगताना बरेचदा गाळली जाते: बाजार पडलाच नव्हता. २०२१च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या घरांच्या किमती आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ वीस टक्क्यांनी वर होत्या. नंतरच्या महिन्यांत त्या खाली आल्या नाहीत, वाढण्याचा वेग तेवढा मंदावला. वर जाणाऱ्या बाजारात घरं घेऊन पैसे घालवणं ही तशी अवघड कामगिरी. ती कशी जमली, हे पाहण्यासारखं आहे.

अल्गोरिदमनं कंपनीला खड्ड्यात घातलं, अशा अर्थाचे मथळे त्या आठवड्यात पुष्कळ आले. मला ते आळशी वाटतात. यंत्राला एक प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर त्यानं बरंच चांगलं दिलं होतं. पैसे मात्र लावले गेले दुसऱ्याच प्रश्नावर. हा फरक ज्यांना दिसत होता त्यांचा शब्द खरेदीच्या लक्ष्यासमोर चालेनासा झाला, आणि ते काम कुठल्याही अल्गोरिदमचं नव्हतं.

फुकट होता तोवर

झिलो फेब्रुवारी २००६ मध्ये लोकांसमोर आली. संस्थापक रिच बार्टन आणि लॉइड फ्रिंक दोघेही मूळचे मायक्रोसॉफ्टचे. बार्टन यांनी त्याआधी मायक्रोसॉफ्टमध्येच एक्सपीडिया उभी केली होती, आणि विमानाची तिकिटं प्रवासी एजंटांच्या टेबलावरून लोकांच्या स्वतःच्या संगणकावर आणून ठेवली होती. झिलोनं घरांच्या बाबतीत तेच केलं. सरकारी दप्तरातल्या विक्रीच्या नोंदी, क्षेत्रफळ, खोल्या, मालमत्ता कर असं सगळं गोळा करून तिनं सुरुवातीलाच सुमारे ४ कोटी ३० लाख घरांवर एकेक आकडा चिकटवला. त्या आकड्याचं नाव झेस्टिमेट.

लोक वेडे झाले. आपल्या घराची किंमत पाहायची, मग शेजाऱ्याच्या, मग साहेबांच्या. कंपनीची कमाई मात्र या आकड्यावर नव्हती. आकडा पाहायला आलेल्यांपैकी ज्याला खरंच घर घ्यायचं असे त्याची चौकशी एजंटांकडे पाठवायची आणि त्या जाहिरातीचे पैसे एजंटांकडून घ्यायचे, हा खरा धंदा. त्यामुळे आकडा चुकला तर कंपनीचं काही बिघडत नसे. उलट चुकला की चर्चा होई, चर्चा झाली की माणसं येत.

किती चुकू शकतो, याचा सर्वात गाजलेला नमुना कंपनीच्या घरातलाच आहे. तेव्हाचे मुख्य अधिकारी स्पेन्सर रास्कॉफ यांनी २०१६ मध्ये सिएटलमधलं आपलं घर १० लाख ५० हजार डॉलरला विकलं. त्यांच्याच कंपनीचा आकडा विक्रीच्या दुसऱ्या दिवशी सांगत होता १७ लाख ५० हजार. वर्तमानपत्रांना आयती मेजवानी मिळाली, कंपनीनं हसून घेतलं आणि दिवस पुढे गेला.

अर्थात सुधारणा चालूच होती आणि ती मनापासून होती. २०१७ मध्ये झिलोनं कॅगल या स्पर्धांच्या व्यासपीठावर १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं: आमच्यापेक्षा चांगला अंदाज करून दाखवा. जानेवारी २०१९ मध्ये कॅनडा, अमेरिका आणि मोरोक्को या तीन देशांतल्या तिघांच्या संघानं ते जिंकलं. जून २०२१ मध्ये कंपनीनं न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांतून स्वतः शिकणाऱ्या संगणकीय पद्धतीवर, बेतलेलं नवं मॉडेल आणलं. ते बाजाराच्या हालचालींना आधीपेक्षा लवकर प्रतिसाद देतं, असं तिनं अभिमानानं सांगितलं. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बार्टन यांची भीती, आणि ती रास्त का होती

२०१४ मध्ये ओपनडोअर नावाची कंपनी निघाली. तिचं म्हणणं सरळ होतं. घर विकणं ही कटकट आहे, अनोळखी लोक येऊन कपाटं उघडून पाहतात, सौदा ठरतो आणि ग्राहकाचं कर्ज नामंजूर होऊन मोडतो. त्यापेक्षा आम्हीच तुमचं घर घेतो. पत्ता टाका, आम्ही आकडा सांगतो, तुम्ही तारीख सांगा. अशा खरेदीदारांना पुढे ‘आयबायर’ असं नाव पडलं.

झिलोच्या दृष्टीनं हे साधं नवं दुकान नव्हतं. विक्रेता बटण दाबून घर विकायला लागला तर मध्ये एजंट कशाला? आणि एजंटच नसेल तर झिलोला जाहिरातीचे पैसे कोण देणार? ज्या माणसानं एकदा प्रवासी एजंटांचा धंदा डोळ्यांदेखत उलटा केला होता, त्याला आपण आता उलटणाऱ्या बाजूला आहोत की उलटल्या जाणाऱ्या, हे कळायला वेळ लागला नसणार.

एप्रिल २०१८ मध्ये झिलोनं फिनिक्स आणि लास व्हेगासमधून घरं घ्यायला सुरुवात करत असल्याचं जाहीर केलं. असल्या धंद्याला फिनिक्स सोयीचं. बरीचशी घरं अलीकडच्या काळातली, एकाच बिल्डरनं एकाच नकाशावर ओळीनं बांधलेली. एक विकलं की बाजूच्याची किंमत समजते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बार्टन स्वतः पुन्हा मुख्य अधिकारी झाले आणि त्यांनी बेत मोठा केला: तीन ते पाच वर्षांत महिन्याला ५,००० घरं आणि या एका विभागातून वर्षाला २,००० कोटी डॉलरची उलाढाल.

इथपर्यंत मी बार्टन यांना दोष देणार नाही. चांगला चाललेला धंदा हातात असताना तोच धंदा संपवू शकेल अशा वाटेवर स्वतःहून पाऊल टाकायला छाती लागते. बहुतेक कंपन्या या टप्प्यावर समिती नेमतात.

पण महिन्याला ५,००० हा आकडा पाहा. तो कुठल्याही मॉडेलनं दिलेला नव्हता. तो वरून आलेला होता, आणि पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरत राहिलं.

एक घर, सहा महिने

मालक झिलोवर मागणी नोंदवतो. यंत्र पहिला आकडा काढतं. मग किंमत ठरवणारे विश्लेषक आजूबाजूच्या विक्री पाहून तो वरखाली करतात, कुणीतरी घर पाहून येतं, दुरुस्तीचा खर्च धरला जातो, कंपनीचं शुल्क वजा होतं आणि शेवटचा प्रस्ताव मालकाकडे जातो. त्यानं होकार दिला की व्यवहार, मग ताबा, मग कंत्राटदार, मग विक्रीची पाटी, मग ग्राहक. खरेदीपासून विक्रीपर्यंत तीन ते सहा महिने धरायचे. तेवढे दिवस कर्जाचं व्याज, मालमत्ता कर, विमा आणि देखभाल कंपनीच्या डोक्यावर.

एवढं करून नफा किती? झिलोनं स्वतःसाठी आखलेली रेघ अशी होती की दर घरामागचा हिशेब शून्याच्या दोन टक्के वर किंवा दोन टक्के खाली राहावा. घरामागे मोठी कमाई करण्याचा बेतच नव्हता. घराच्या निमित्तानं कर्ज, दस्तऐवजांची कामं, एजंटांना ग्राहक अशा जोडसेवांतून पैसा येईल, असं गणित होतं. म्हणजे दोन टक्क्यांच्या पट्टीवर चालायचं आणि पट्टीची लांबी सहा महिन्यांची.

आता झेस्टिमेटच्या अचूकतेचे आकडे या शेजारी ठेवू. कंपनी ते उघडपणे छापते, ही तिची चांगली गोष्ट. २०२१ मध्ये विक्रीला लागलेल्या घरांसाठी मध्यक चूक १.९ टक्के होती. विक्रीला न लागलेल्या घरांसाठी ६.९ टक्के.

पहिला आकडा पाहून कुणालाही वाटेल की दोन टक्क्यांच्या पट्टीवर हे यंत्र आरामात चालेल. पण घर विक्रीला लागतं तेव्हा एजंट आणि मालक मिळून एक मागणीची किंमत जाहीर करतात, आणि झेस्टिमेट ती किंमतही विचारात घेतो. १.९ टक्क्यांतली बरीचशी हुशारी त्या एजंटाची असते. झिलो ऑफर्सकडे येणारा मालक घर बाजारात न लावताच येत होता. त्याच्या घरावर पाटी नाही, मागणीची किंमत नाही. तिथे लागू होणारा आकडा ६.९ चा. आणि मध्यक चूक ६.९ म्हणजे निम्मी घरं त्याहूनही जास्त चुकलेली.

विश्लेषक आणि प्रत्यक्ष पाहणी याच दरीवर पूल म्हणून होते. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी, तळघरातली ओल, मागून जाणारा महामार्ग, शेजारचं मोडकळीला आलेलं घर, त्यांनीच पाहायच्या.

होकार देणारा मालक कोण असतो?

या प्रकरणातला माझ्या मते सर्वात शिकण्यासारखा भाग इथे आहे, आणि तो संगणकशास्त्राचा नाही, बाजाराचा आहे.

समजा शंभर घरं आहेत, प्रत्येकाची खरी किंमत ४ लाख डॉलर. यंत्र निम्म्यांना ३ लाख ८० हजार सांगतं, निम्म्यांना ४ लाख २० हजार. सरासरी काढली तर अंदाज बिनचूक, बरोबर ४ लाख. संचालक मंडळासमोर हा तक्ता ठेवला तर टाळ्या पडतील.

आता हेच आकडे प्रस्ताव म्हणून पाठवा. मालकाला आपल्या घराची लायकी साधारण ठाऊक असते. ३ लाख ८० हजारवाले पन्नास जण म्हणतात, नको. ४ लाख २० हजारवाले पन्नास जण म्हणतात, कुठे सही करू? कंपनीच्या हातात पन्नास घरं येतात, प्रत्येकी २० हजार जास्त देऊन. दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना खोडून काढतील ही आशा तक्त्यावर ठीक होती. व्यवहारात एका बाजूच्या चुका नकार घेऊन निघून गेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या तेवढ्या घरात येऊन बसल्या.

खऱ्या आयुष्यात गोष्ट इतकी टोकाची नसते. कुणाला बदलीमुळे घाई असते, कुणाचं आईवडिलांचं घर दूरच्या शहरात असतं, आणि ते कमी किंमतही आनंदानं घेतात. धंदा उभा राहतो तो त्यांच्यावरच. पण बार्टन यांनीच नंतर सांगितलं की मनापासून विकायला आलेल्यांपैकी जेमतेम दहा टक्के लोक झिलोचा प्रस्ताव स्वीकारत होते. नव्वद टक्के बाहेर जात असतील तर उरलेले दहा हे उगाच चिठ्ठ्या टाकून निवडलेले दहा नसतात. त्यांनी निवड केलेली असते, आणि ती करताना त्यांच्याकडे कंपनीपेक्षा जास्त माहिती असते. त्यात ओपनडोअरसारखी दुसरी कंपनीही बोली लावत असेल तर जिंकतो तो, ज्याचा अंदाज सर्वात जास्त फुगलेला.

झेस्टिमेट लोकांना फुकट दाखवला जात होता तोवर ही अडचण नव्हतीच, कारण आकडा पाहून कुणी काही करत नव्हतं. त्याच आकड्यामागे चेकबुक आलं आणि समोरचा माणूस त्या आकड्याला प्रतिसाद देऊ लागला. तोच आकडा आता वेगळी वस्तू झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर झिलोनं जाहीर केलं की वीसहून अधिक शहरांतल्या पात्र घरांसाठी झेस्टिमेट हाच सुरुवातीचा रोख प्रस्ताव समजला जाईल. अंदाज आणि बोली यांच्यात भिंत होती ती कंपनीनं स्वतःच्या हातानं पाडली.

आणि शेवटची गोष्ट काळाची. झेस्टिमेट सांगतो आजची किंमत. झिलोला हवी होती सहा महिन्यांनंतरची. आजची किंमत चुकली तर एका घरात वर, दुसऱ्यात खाली असं होऊ शकतं. पुढची चाल चुकली तर हातातली सगळी घरं एकदम एकाच दिशेला चुकतात. हजार घरं घेतली म्हणून धोका वाटला जात नाही, कारण हजारही एकाच पैजेवर लागलेली असतात.

नफा झाला, म्हणून

२०२१च्या सुरुवातीला झिलोचं दुखणं उलटं होतं. किमती इतक्या वेगानं चढत होत्या की यंत्र मागे पडत होतं. प्रस्ताव कमी जात, मालक नकार देत, खरेदी होईना. जी होई त्यावर भरपूर नफा होई, कारण घर विकायला काढेपर्यंत बाजार आणखी वर गेलेला असे. दुसऱ्या तिमाहीत दर घरामागचा हिशेब जवळजवळ पावणेसहा टक्के नफ्यात आला, आखलेल्या रेघेच्या कितीतरी वर.

असा निकाल हातात आल्यावर काय समजायचं? एक वाचन असं की नशीब जोरावर आहे, बाजारानं आपल्याला उचललंय, सांभाळून राहू. दुसरं असं की आपण फार कंजूषपणा करतोय, जास्त देऊन जास्त घरं घेता येतील. महिन्याला ५,००० घरांचं लक्ष्य डोक्यावर असलेल्या, आणि ओपनडोअर पुढे पळताना दिसणाऱ्या कंपनीला दुसरं वाचन पटलं. मला यात मूर्खपणा दिसत नाही. आकडे दोन्ही अर्थांनी वाचता येत होते. लक्ष्यानं त्यातला एक अर्थ निवडला.

पत्रकारांनी नंतर बाहेर काढलेल्या माहितीत आणि भागधारकांनी भरलेल्या खटल्यांत पुढचा तपशील येतो. खरेदी वाढवण्याच्या मोहिमेला कंपनीत ‘प्रोजेक्ट केचअप’ असं नाव होतं. ‘कॅच अप’, म्हणजे गाठणं, यावरचा विनोद. यंत्रानं काढलेल्या किमतीवर थर चढवून प्रस्ताव वाढवले गेले, आणि किंमत खाली आणायची विश्लेषकांची मुभा आवळली गेली. किमती जास्त होत आहेत, असं आतले लोक म्हणत होते, असंही त्यात आहे.

जमिनीवर काय चाललंय हे ज्यांना दिसत होतं, त्यांच्या हातातला ब्रेकच काढून घेतला. सिएटलमधल्या तक्त्यावरून फिनिक्सच्या गल्लीतल्या घराची बोली ठरवायची, हे उंटावरून शेळ्या हाकणंच. यंत्रावर जास्त विश्वास टाकला असं लोक म्हणतात. तेही अर्धंच खरं वाटतं. यंत्राच्या आकड्यावर थर चढवणारी माणसंच होती. यंत्राचा सल्ला खाली खेचणाऱ्या माणसांना थांबवलं आणि वर ढकलणाऱ्यांना मोकळं सोडलं, असा तो प्रकार होता.

त्यात जूनमधलं नवं मॉडेल. बाजाराला लवकर प्रतिसाद देणारं यंत्र उकळत्या उन्हाळ्यात हातात आलं. अशा यंत्रानं नुकताच झालेला चढ पुढेही चालू राहणार असं धरलं, तर वेग मंदावण्याच्या नेमक्या क्षणी ते सर्वात उत्साही असतं. झिलोच्या आत नेमकं कुठलं चाक किती फिरलं, ते बाहेरून मोजता येणार नाही. वेळ मात्र वाईट होती.

दुसऱ्या तिमाहीत झिलोनं ३,८०५ घरं घेतली होती. तिसऱ्या तिमाहीत ९,६८०. त्याच तिमाहीत विकली फक्त ३,०३२. एवढा वेग गाठूनही महिन्याची सरासरी ३,२०० च्या आसपासच होती, लक्ष्याच्या बरीच खाली. घेतलेली घरं दुरुस्तीच्या रांगेत उभी, कंत्राटदार आणि सामान दोन्ही मिळेनात, आणि दुरुस्ती लांबेल तितकी सहा महिन्यांची ती पट्टी आणखी लांब.

१८ ऑक्टोबरला कंपनीनं जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत नवी घरं घेणार नाही. कारण दिलं कामगारांची टंचाई आणि साचलेलं काम. दोन आठवड्यांनी पत्र आलं तेव्हा मुख्य कारण वेगळंच निघालं: किमतींचा अंदाज. पहिलं कारण खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. भागधारकांच्या रागाला ते पुरेसं होतं आणि प्रकरण न्यायालयात गेलं.

दुसऱ्या तिमाहीतल्या पावणेसहा टक्के नफ्याच्या जागी चौथ्या तिमाहीत ५ ते ७ टक्के तोटा दिसेल, असं पत्रात होतं. सहा महिन्यांत बारा टक्क्यांच्या आसपासचा झोका, आणि तोही दोन टक्क्यांच्या पट्टीवर.

थांबण्याचा निर्णय

पत्रात बार्टन यांनी मॉडेल दुरुस्त करू, पुन्हा सुरू करू असं म्हटलं नाही. एका टोकाची घटना म्हणून हे सोडून देता आलं असतं, असंही ते म्हणाले. पण या धंद्याला लागणारं भांडवल, कमाईतले हेलकावे आणि जेमतेम दहा टक्के ग्राहकांना होणारा उपयोग पाहता पुढे जाणं त्यांना परवडणारं वाटेना.

हा निर्णय मला मूळ धाडसापेक्षा मोठा वाटतो. आपणच सुरू केलेली, आपल्याच नावाशी जोडलेली गोष्ट, जिच्यासाठी आपण पुन्हा खुर्चीत बसलो, ती तिसऱ्या वर्षी बंद करायची. अशा वेळी आणखी एक तिमाही मागून घेण्याचा मोह किती असतो, हे कुठल्याही कार्यालयात काम केलेल्याला माहीत आहे. त्याच वेळी हेही खरं की किंमत दोन हजार माणसांनी मोजली. त्यांतल्या अनेकांचा बोली ठरवण्याशी संबंधही नव्हता. २०२१ या वर्षात या विभागाचा तोटा ८८.१ कोटी डॉलर झाला. उरलेली हजारो घरं विकताना सुमारे दोन हजार घरं प्रीटियम पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेला एकगठ्ठा गेली.

मग दुसऱ्यांचं काय झालं? इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते, आणि प्रकरण वर्गात शिकवायचं असेल तर वाद रंगवायची जागा हीच.

ओपनडोअरनं त्याच तिसऱ्या तिमाहीत १५,१८१ घरं घेतली, म्हणजे झिलोच्या दीडपटीहून जास्त, आणि तिला तेव्हा असा फटका बसला नाही. ती सात वर्षं हेच एक काम करत होती, तिच्या चुका तिनं लहान असताना करून झाल्या होत्या. म्हणून २०२१च्या शेवटी निष्कर्ष सोपा होता: धंदा बरोबर, झिलोनं तो नीट केला नाही. वर्षभरानं व्याजदर चढले. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर तीन टक्क्यांच्या आसपासचा सातला जाऊन भिडला आणि ग्राहक गायब झाले. २०२२च्या तिसऱ्या तिमाहीत ओपनडोअरला ९२.८ कोटी डॉलरचा तोटा झाला. रेडफिन या घरविक्रीतल्या दुसऱ्या कंपनीनं आपला घरखरेदीचा विभाग त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद केला.

याचा अर्थ बार्टन यांना पुढचं दिसत होतं, असा मी लावणार नाही. पुढचं दिसत असतं तर ९,६८० घरं घेतलीच नसती. झिलो चढत्या बाजारात स्वतःच्या चुकीनं अडकली आणि त्यामुळे उतरत्या बाजारात सापडायची वाचली. नशिबाचा हा भाग वजा करून निर्णयाला किती गुण द्यायचे, यावर माझंच मत दोनदा बदललं आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये झिलो आणि ओपनडोअरनं भागीदारी जाहीर केली. झिलोवर आलेला विक्रेता तिथूनच ओपनडोअरकडे रोख प्रस्ताव मागू शकेल, अशी व्यवस्था. ग्राहक झिलोचा, घराचा धोका ओपनडोअरचा. २०१८ पूर्वी एजंटांबरोबर होतं तेच नातं, नव्या भिडूबरोबर. ऑक्टोबर २०२१ मध्ये कामगारांच्या टंचाईचं कारण सांगणाऱ्या निवेदनात ज्यांचं नाव होतं ते जेरेमी वॅक्समन ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य अधिकारी झाले, आणि बार्टन कार्यकारी सहअध्यक्षपदावर गेले.

झेस्टिमेट बंद झाला नाही. अमेरिकेतल्या दहा कोटींहून जास्त घरांवर तो आजही दिसतो आणि लोक आजही शेजाऱ्याच्या घराचा आकडा पाहतात. त्याच्या अचूकतेचा तक्ता कंपनी अजूनही छापते, विक्रीला लागलेली घरं एका रकान्यात आणि न लागलेली दुसऱ्यात.